जिओकॅशिंगला सुरुवात करताना पहिला डबा कसा निवडावा आणि कसा शोधावा?

पाऊलखुणा:

नमस्कार. जिओकॅशिंगविषयी मी बरेच दिवस वाचत आहे आणि आता माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन प्रत्यक्ष शोधाला निघावे असे मनात आहे. खेळाचे मूळ सूत्र मला समजले आहे: कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो, इतरांनी उपग्रहांच्या साहाय्याने तिथे पोहोचून तो डबा शोधायचा, आतल्या नोंदवहीत आपले नाव लिहायचे आणि डबा होता तसाच पुन्हा ठेवून द्यायचा. फोनमध्ये ॲप घेतले, खाते उघडले, आणि नकाशावर हिरव्या, नारिंगी, निळ्या खुणांची इतकी गर्दी दिसली की सुरुवात कुठून करावी हेच कळेना.

माझ्या शंका पुढीलप्रमाणे आहेत. पहिला डबा कोणत्या निकषांवर निवडावा? प्रत्येक नोंदीसमोर १ ते ५ मधले दोन अंक दिसतात, त्यांचा नेमका अर्थ काय? फोनमधील जीपीएस पुरेसे ठरते की स्वतंत्र उपकरण विकत घ्यावे लागते? ठिकाणावर पोहोचल्यानंतर शोधायचे कसे, याविषयी मला सर्वांत जास्त कुतूहल आहे, कारण नकाशावरील ठिपका आणि प्रत्यक्ष जमीन यांत बराच फरक पडत असणार. शिवाय एखाद्या बाकाखाली किंवा झुडपात हात घालून काहीतरी शोधणारी व्यक्ती इतरांना संशयास्पद वाटू शकते. अशा वेळी अनुभवी मंडळी काय करतात?

सविस्तर उत्तरे मिळाल्यास आनंद होईल.

होकायंत्र:

तुमच्या प्रश्नांपैकी निवडीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. बरोबर लहान मूल असेल तर पहिल्या दिवशी डबा सापडायलाच हवा असे माझे ठाम मत आहे, आणि ते बऱ्याच अंशी घरी बसून केलेल्या निवडीवर अवलंबून असते.

नकाशावरच्या हिरव्या खुणांपुरतेच सध्या पाहा. हा पारंपरिक प्रकार आहे आणि त्यात दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरच डबा असतो. नारिंगी खूण अनेक टप्प्यांच्या शोधाची असते. तिथे पहिल्या जागी पुढच्या जागेचा सुगावा मिळतो. निळे प्रश्नचिन्ह कोड्याचे असते आणि नवशिक्यांची सर्वाधिक फसगत तिथेच होते, कारण नकाशावरील ठिपक्याच्या जागी सहसा काहीच नसते. कोडे सोडवल्यावर खरे निर्देशांक, म्हणजे अक्षांश-रेखांश, हाती येतात आणि ते ठिपक्यापासून साधारणतः ३.२ किलोमीटरच्या आत असतात. हे दोन्ही प्रकार अतिशय सुंदर आहेत, पण ते नंतरसाठी राखून ठेवा.

दोन अंकांपैकी पहिला शोधाची काठिण्यपातळी सांगतो आणि दुसरा भूभागाची. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या अंकाने वाढत जातात. भूभाग १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोहोचता येईल अशी जागा, तर भूभाग ५ असेल तर होडी, गिर्यारोहणाचे साहित्य किंवा तत्सम विशेष साधनांची गरज असते. दोन्ही अंक १ ते २ च्या दरम्यान असतील असाच डबा निवडा. या दोहोंतला फरक लोक पुरेसा लक्षात घेत नाहीत: काठिण्य ४ आणि भूभाग १ म्हणजे सपाट, सोपी वाट आणि तिच्या शेवटी डोळ्यांदेखत असूनही न दिसणारी डबी, आणि मुलांचा सर्वाधिक हिरमोड अशाच ठिकाणी होतो.

आकाराकडे अवश्य लक्ष द्या. १०० मिलिलिटरपेक्षा लहान डबीला सूक्ष्म म्हणतात. जुन्या फोटो फिल्मची डबी हे तिचे नेहमीचे उदाहरण. त्याहीपेक्षा लहान, बोटाच्या पेराएवढ्या चुंबकी डब्या असतात, ज्यांत केवळ गुंडाळी केलेली कागदाची पट्टी मावते. १०० मिलिलिटर ते १ लिटर हा लहान आकार, १ ते २० लिटर हा नियमित आकार आणि त्यापुढचा तो मोठा. पहिल्या शोधासाठी लहान किंवा नियमित आकाराचा डबा घ्या. तो शोधायला सोपा असतो, आणि त्यात नोंदवहीखेरीज अदलाबदलीच्या छोट्या वस्तूही असतात, ज्यांचे मुलांना विशेष आकर्षण असते.

निघण्यापूर्वी शेवटच्या काही नोंदी वाचा. गेल्या महिन्याभरात कोणाला तरी डबा सापडलेला असेल तर तो बहुधा जागेवर आहे. लागोपाठ तीन-चार जणांनी न सापडल्याची नोंद केली असेल तर तो नाहीसा झालेला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि अशा जागी नवख्या माणसाने वेळ घालवू नये. वर्णनाच्या शेवटी एक संकेत दिलेला असतो, जो मुद्दाम सांकेतिक लिपीत ठेवतात. त्यात रोमन वर्णमालेतील प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्यापुढचे तेरावे अक्षर लिहिलेले असते, म्हणजे ए च्या जागी एन आणि एन च्या जागी ए. ॲपमध्ये एका स्पर्शाने तो उलगडतो. पहिल्या काही शोधांत संकेत खुशाल वाचा. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. ॲपमधील अंतर कमी होत जाते, शेवटी ते पाच-सहा मीटरवर येते आणि मग बाण इकडेतिकडे फिरू लागतो. नवशिके इथे बाणामागे धावत गोल गोल फिरत राहतात. त्याऐवजी अंतर १० मीटरच्या आत आले की थांबा, फोन किमान मिनिटभर स्थिर धरा आणि अंतराचा आकडा स्थिरावू द्या. मग वीस-तीस मीटर दूर जाऊन वेगळ्या दिशेने पुन्हा या आणि बाण कुठे बोट दाखवतो ते पाहा. दोन-तीन दिशांनी असे केले की त्या रेषा साधारण जिथे एकमेकींना छेदतात तिथून शोध सुरू करायचा. एवढे झाल्यावर फोन खिशात ठेवून द्यावा. इथून पुढचे काम डोळ्यांचे असते आणि माझ्या मते या खेळाचा खरा आनंद याच शेवटच्या दहा मीटरमध्ये आहे.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: या जागी मला डबा ठेवायचा असता तर मी तो कुठे ठेवला असता? निसर्गात वस्तू नीटनेटक्या रचलेल्या नसतात. झाडाच्या बुंध्याशी सारख्या लांबीच्या काटक्या एकमेकींना समांतर पडलेल्या दिसल्या, चार दगड एकाच कपारीसमोर रचल्यासारखे दिसले, सालीचा एखादा तुकडा भोवतालच्या सालीपेक्षा जास्त वाळलेला दिसला, की त्यामागे पाहा. वस्तीच्या भागात कुंपणाच्या खांबाची पोकळ टोपी, लोखंडी कठड्याची आतली बाजू, बाकाच्या फळीखालची चौकट, किंवा भोवतालच्या जुन्या बोल्टपेक्षा किंचित वेगळा दिसणारा बोल्ट या जागा तपासाव्यात. जमिनीलगतच शोधत राहू नका. पुष्कळ डबे डोळ्यांच्या उंचीवर असतात आणि काही फांदीला दोरीने टांगलेले असतात.

कपारीत किंवा पानांच्या ढिगात थेट हात घालायचा नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. आधी काठीने चाचपून पाहावे, मग वाकून बघावे आणि त्यानंतरच हात घालावा. साप, विंचू, गांधीलमाश्यांचे पोळे आणि फुटकी काच या चारही गोष्टींपासून इतक्या साध्या सवयीने बचाव होतो.

लोकांच्या संशयाबद्दल: खेळाविषयी माहिती नसलेल्या लोकांना खेळाडूंच्या बोलीत मगल म्हणतात आणि त्यांच्या नजरेसमोर डबा बाहेर काढू नये असा रिवाज आहे, कारण कुतूहलापोटी कोणी तो उचलून नेला तर पुढच्या सर्वांचा शोध वाया जातो. माणसे जवळ असतील तर बाकावर बसा, पाणी प्या, ती पुढे गेल्यावर शोधा. एखाद्याने सरळ विचारलेच तर सरळ उत्तर द्यावे, आणि सुरक्षारक्षकाने किंवा पोलिसाने विचारले तर ॲपमधील पान उघडून दाखवावे. लपवाछपवी केल्याने संशय वाढतो.

रेखावृत्त:

होकायंत्र यांनी शोधाची पद्धत उत्तम सांगितली आहे. उपकरणाचा प्रश्न मात्र राहून गेला, म्हणून त्यावर लिहितो.

सुरुवातीला फोन पूर्णपणे पुरेसा आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारणतः ५ मीटरच्या आसपास असते. दाट झाडी, उंच इमारती किंवा कड्याचा पायथा असेल तर उपग्रहांचे संदेश परावर्तित होऊन येतात आणि चूक वाढते. शिवाय ज्याने डबा लपवला त्याच्या उपकरणातही अशीच काही चूक होती हे विसरू नये; त्याची ५ मीटरची आणि तुमची ५ मीटरची चूक विरुद्ध दिशांना असेल तर डबा तुमच्या फोनने दाखवलेल्या जागेपासून १० मीटर दूर निघतो. ॲपने शून्य मीटर दाखवले म्हणजे डबा पायाखालीच आहे, अशी समजूत करून घेणे चुकीचे आहे.

ही अचूकता सर्वसामान्यांना मिळाली त्यामुळेच हा खेळ जन्माला आला. अमेरिकी सरकार पूर्वी नागरी वापराच्या जीपीएस संदेशांत मुद्दाम त्रुटी मिसळत असे आणि त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. ही कृत्रिम त्रुटी २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली, तिच्यात नोंदवही, पेन्सिल आणि काही वस्तू ठेवल्या, आणि तिचे निर्देशांक उपग्रह दिशादर्शनाविषयीच्या एका चर्चागटावर प्रसिद्ध केले. काहीतरी घ्या आणि काहीतरी ठेवा, एवढाच त्याचा नियम होता. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली आणि त्यांपैकी माइक टीग यांनी अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू केले, जे आज या खेळाचे मुख्य केंद्र आहे. १०० मीटरच्या चुकीत बादली शोधणे म्हणजे एक अख्खे मैदान पालथे घालणे झाले असते.

त्या पहिल्या बादलीचे निर्देशांक मी नवख्यांना नेहमी उदाहरण म्हणून देतो, कारण निर्देशांक वाचायला शिकणे मला उपकरणापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. ते आहेत उत्तर ४५° १७.४६०' आणि पश्चिम १२२° २४.८००'. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटे ही पद्धत वापरतात. इथे १७.४६० म्हणजे १७ मिनिटे आणि एका मिनिटाचे हजारांत ४६० भाग, म्हणजेच १७ मिनिटे २७.६ सेकंद. कोणी हाच आकडा १७ मिनिटे ४६ सेकंद असा वाचला तर तो अर्ध्या किलोमीटरहून जास्त उत्तरेला जाईल आणि तिथे निष्ठेने झुडपे धुंडाळत बसेल. ॲपमध्ये थेट पान उघडल्यास ही अडचण येत नाही. पण अनेक टप्प्यांच्या शोधात पुढचे निर्देशांक हाताने भरावे लागतात, त्या वेळी आधी पद्धत तपासावी. अक्षांशाच्या शेवटच्या अंकात १ चा फरक म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर, हे लक्षात ठेवले की आलेला आकडा शक्यतेच्या कक्षेत आहे की नाही याचा अंदाज येतो.

हातात धरायचे स्वतंत्र जीपीएस उपकरण पाऊस, धूळ आणि पडझड सहन करते, त्याच्या बॅटऱ्या बदलता येतात आणि कडक उन्हात त्याचा पडदा चांगला वाचता येतो. दिवसभर जंगलात राहणाऱ्यांना त्याचा नक्कीच उपयोग होतो. तुम्ही मात्र हा छंद मनापासून आवडतो आहे याची खात्री होईपर्यंत थांबा. दरम्यान निघण्याआधी त्या भागाचा नकाशा आणि डब्याचे पान फोनमध्ये उतरवून घ्या, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाला आणि वर्णनाला लागते.

एक जोड द्यावीशी वाटते. मोफत सदस्यत्वात सगळेच डबे दिसत नाहीत, कारण काही डबे केवळ सशुल्क सदस्यांसाठी राखीव असतात. सुरुवातीला मोफत खाते भरपूर होते. अँड्रॉइड फोनवर सी-जिओ नावाचे मुक्तस्रोत ॲपही आहे, तेही वापरून पाहा.

पाऊलखुणा:

दोघांचेही मनापासून आभार. निर्देशांकांचे उदाहरण कागदावर मांडून पाहिले आणि चूक नेमकी कशी होते ते लगेच समजले.

आणखी काही प्रश्न आहेत. डबा सापडल्यानंतर संकेतस्थळावर नोंद करताना कोणते शिष्टाचार पाळावेत? सापडला नाही तर तशी नोंद करणे योग्य आहे का, की त्यामुळे लपवणाऱ्याचा अपमान होतो? अदलाबदलीसाठी मुलीने काय न्यावे? काही डब्यांत धातूचा बिल्ला असतो आणि त्यावर क्रमांक कोरलेला असतो असे वाचले, तो घरी आणायचा असतो का? आणि शेवटचे म्हणजे मुलगी आतापासूनच स्वतःचा डबा लपवायचा आग्रह धरून बसली आहे. त्यासाठी किती काळ थांबावे?

जुना शोधक:

मी अनेक डब्यांची देखभाल करतो, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे डब्याच्या मालकाच्या बाजूने देतो.

न सापडल्याची नोंद अवश्य करा. तिच्यात अपमान कसलाच नाही. मालक दूर राहत असेल तर डबा जागेवर आहे की नाही हे त्याला शोधकांच्या नोंदींवरूनच कळते. एखाद्या सोप्या डब्यावर अशा दोन नोंदी आल्या की मी तिथे फेरी मारतो. पुष्कळ लोक संकोचापोटी गप्प राहतात आणि मग नाहीशा झालेल्या डब्यामागे महिनोन्‌महिने माणसे फुकट फिरत राहतात. नोंदीत कुठे कुठे पाहिले, किती वेळ पाहिले एवढे लिहिले तरी मालकाला मोठी मदत होते. सापडला असेल तर आधी डब्यातल्या कागदावर तारीख आणि आपले टोपणनाव लिहा, कारण कागदावरील सही हाच सापडल्याचा पुरावा मानतात. मग संकेतस्थळावर दोन-चार वाक्ये लिहा. तो डबा पाहून काय वाटले, वाट कशी होती, कागद भिजला आहे का, हे वाचण्यासाठीच आम्ही डबे ठेवतो असे म्हटले तरी चालेल. फक्त नेमकी लपवण्याची जागा उघड करू नका आणि तिचे छायाचित्रही टाकू नका.

पेन स्वतःचे न्या, कारण लहान डब्यांत ते मावत नाही. दमट हवेत पेन्सिल अधिक भरवशाची असते. बारीक डब्यांतील कागदाची गुंडाळी सोडवणे सोपे आणि परत भरणे कठीण असते: पट्टीचे एक टोक दोन बोटांच्या नखांत धरून अगदी घट्ट गुंडाळायची, गुंडाळी सैल होऊ न देता झाकणाच्या पोकळीत सरकवायची आणि मग झाकण आटे न चुकवता सरळ फिरवायचे. कागदाची कड आट्यांमध्ये अडकली तर त्या फटीतून पाणी शिरते आणि पहिल्या पावसात आतल्या सगळ्या नोंदींचा लगदा होतो. म्हणून चिमटा जवळ ठेवा. मोठ्या डब्याच्या बाबतीत झाकणाच्या चारही कडा आवाज येईपर्यंत दाबल्या की नाही आणि आतली पिशवी कडेत सापडली नाही ना, हे पाहा. डबा होता त्याच जागी, तेवढाच झाकून ठेवा. तुम्हाला अधिक चांगली जागा दिसली तरी तिथे हलवू नका, कारण निर्देशांक आणि संकेत दोन्ही जुन्या जागेचे आहेत. डबा सापडत नाही म्हणून आपल्याजवळचा दुसरा डबा तिथे ठेवून सापडल्याची नोंद करण्याची पद्धत काही लोकांत आहे. ती मला अजिबात मान्य नाही. बऱ्याचदा मूळ डबा तिथेच असतो आणि एका जागी दोन डबे होऊन पुढच्या सर्वांचा गोंधळ उडतो.

अदलाबदलीचा नियम साधा आहे: जेवढ्या मोलाची वस्तू घ्याल तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. मुलीने काचेच्या गोट्या, छोटी खेळणी, बिल्ले, परदेशी नाणी अशा वस्तू न्याव्यात. खाद्यपदार्थ कधीही ठेवू नयेत, कारण त्यांच्या वासाने प्राणी डबा फोडतात. सुगंधी वस्तूंनाही हेच लागू आहे. काडेपेट्या, लायटर, औषधे, चाकू यांना डब्यात स्थान नाही, कारण तो डबा पुढे कोणाचे मूल उघडेल हे सांगता येत नाही.

क्रमांक कोरलेला बिल्ला मात्र अदलाबदलीची वस्तू नव्हे. तो प्रवासी असतो, त्याचा कोणी तरी मालक असतो आणि बहुतेकदा त्याला एखादे उद्दिष्ट दिलेले असते, जसे अमुक देशापर्यंत पोहोचणे. तुम्ही तो घेतलात तर संकेतस्थळावर घेतल्याची नोंद करून साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्या डब्यात ठेवायचा असतो. पुढे न्यायला जमणार नसेल तर तिथेच राहू द्या आणि केवळ पाहिल्याची नोंद करा. त्यावरील क्रमांक जाहीर नोंदीत लिहू नका, नाहीतर बिल्ला प्रत्यक्ष न पाहिलेले लोकही नोंदी करू लागतात. असे क्रमांक अवकाशातही गेले आहेत: २००८ मध्ये अवकाश पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एक जिओकॅश, म्हणजे या खेळातला डबा, ठेवल्याची नोंद केली, आणि मंगळावर २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या एका उपकरणाच्या अंशांकन पट्टीवरही असा क्रमांक आहे. मुलीला हे नक्की सांगा.

स्वतःच्या डब्याविषयी संकेतस्थळाची शिफारस अशी आहे की आधी किमान २० डबे शोधावेत. माझ्या मते आकड्यापेक्षा विविधता महत्त्वाची आहे. वेगवेगळ्या आकारांचे आणि प्रकारांचे डबे पाहिलेत, एखादा पावसाळ्यानंतर कसा दिसतो ते पाहिलेत, म्हणजे काय टिकते आणि काय टिकत नाही हे तुम्हाला कळेल. साध्या खाऊच्या डब्याचे झाकण एका हंगामात वाकते. चारही बाजूंनी कड्या असलेला रबरी कडेचा डबा पुष्कळ टिकतो आणि लष्करी दारूगोळ्याची जुनी लोखंडी पेटी तर वर्षानुवर्षे कोरडी राहते; मात्र तिच्यावरील मूळ लष्करी अक्षरे रंगवून झाकली पाहिजेत आणि बाहेरून जिओकॅश असे ठळक लिहिले पाहिजे, नाहीतर बेवारस वस्तू म्हणून बॉम्बशोधक पथक बोलावले जाण्याचा धोका असतो. शाळा, रेल्वेमार्ग, विमानतळ, पूल आणि सरकारी इमारती यांच्या आसपास डबा ठेवू नये, त्यामागचे कारणही हेच.

लपवण्याचे मुख्य नियम मोजके आहेत. जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी लागते. डबा पुरण्यासाठी खड्डा खणता येत नाही, आणि झाडाला खिळा ठोकणे किंवा भिंतीला छिद्र पाडणेही चालत नाही. दोन डब्यांच्या प्रत्यक्ष जागांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवे, आणि यात कोड्यांच्या व अनेक टप्प्यांच्या शोधांतील लपलेले डबेही धरले जातात. त्यामुळे नकाशावर मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात व्यापलेली असू शकते. तुम्ही पाठवलेली माहिती एक स्वयंसेवक परीक्षक तपासतो आणि त्यानंतरच ती प्रसिद्ध होते. निर्देशांक एकदाच घेऊन थांबू नका; वेगवेगळ्या वेळी, शक्य तर वेगवेगळ्या दिवशी, त्याच जागी पुन्हा घ्या आणि त्यांची सरासरी काढा. सुट्टीच्या प्रवासात दूरच्या गावी डबा ठेवून येऊ नका, कारण झाकण फुटल्याची किंवा कागद संपल्याची नोंद आली की तुम्हालाच तिथे जायचे असते.

होकायंत्र:

जुना शोधक यांच्या एका मुद्द्याला थोडी पुरवणी जोडतो. २० डबे होईपर्यंत मुलीला नुसते थांबवून ठेवण्याची गरज नाही. घराच्या आवारात तिला एक डबी लपवू द्या, तिनेच फोनवर निर्देशांक घ्यावेत, एका कागदावर संकेत लिहावा आणि तुम्ही ती डबी शोधावी. दुसऱ्या दिवशी तोच बिंदू पुन्हा मोजायला सांगा. दोन दिवसांचे आकडे वेगळे आलेले तिच्या हाताखाली दिसले की रेखावृत्त यांनी सांगितलेली अचूकतेची मर्यादा तिला कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

डबा नसलेला एक प्रकारही मुलांना घेऊन करण्यासारखा आहे. त्याला अर्थकॅश म्हणतात आणि तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहकार्याने २००४ मध्ये सुरू झाला. निर्देशांकांवर एखादा खडकाचा थर, झरा, कडा किंवा प्राचीन लाव्हाचा प्रवाह असतो. तिथे जाऊन निरीक्षण करायचे आणि पानावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मालकाला पाठवायची. थराची जाडी हाताने मोजा, कणांचा रंग आणि आकार सांगा, पाणी कोणत्या बाजूने पाझरते ते पाहा, असे प्रश्न असतात आणि ते तिथे गेल्याशिवाय सोडवता येत नाहीत. हरवण्यासारखे तिथे काहीच नसल्याने रिकाम्या हाताने परतण्याची भीतीही नसते.

निघताना पिशवीत पाण्याची बाटली, दोन पेन्सिली, चिमटा, हातमोजे, छोटी विजेरी, फोनसाठी जादा बॅटरी आणि एक रिकामी पिशवी एवढे ठेवा. रिकामी पिशवी वाटेतला कचरा उचलून आणण्यासाठी. खेळाडूंमध्ये ही प्रथा २००२ पासून संघटितपणे पाळली जाते आणि तिच्यासाठी खास मेळावेही भरतात. ज्या बागांचे व जंगलांचे व्यवस्थापक आम्हाला डबे ठेवायची परवानगी देतात, ते आमच्या जाण्याने जागा स्वच्छ होते की खराब होते हे बारकाईने पाहत असतात.

पाऊलखुणा:

सर्वांचे आभार. तुम्ही सांगितलेल्या निकषांनुसार एक डबा निवडला आहे: पारंपरिक प्रकार, लहान आकार, काठिण्य १.५, भूभाग १.५ आणि शेवटची सापडल्याची नोंद गेल्या आठवड्यातली. पान आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला आहे. संकेतही उलगडून पाहिला. त्यात गुडघ्याच्या उंचीवर, दगडामागे, एवढेच लिहिले आहे. वेगवेगळ्या दिशांनी येऊन रेषा छेदण्याचे काम मुलीकडे सोपवणार आहे आणि काठी माझ्या हातात राहील. सापडला किंवा नाही सापडला, दोन्ही परिस्थितींत संकेतस्थळावर नोंद करू आणि मालकासाठी कागदाच्या अवस्थेविषयीही लिहू.